स्वयंपाकघरात एमसीबी पडतोय? कोल्हापुरात नवं बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी

मिक्सर लावला की घर अंधारात. इंडक्शनवर भात ठेवला की दहा-पंधरा मिनिटांनी टक् असा आवाज आणि ओटा थंड. राजारामपुरीत, कळंब्याला नाहीतर पाचगावला नवं भाड्याचं घर घेतलेल्यांची ही पहिल्या महिन्यातली नेहमीची तक्रार. शेजारी सांगतात, ‘लोड येतोय.’ घरमालक म्हणतात, ‘तुमचा मिक्सर गेलाय.’ मिक्सरवाला म्हणतो, ‘घराचं वायरिंग बघून घ्या.’ तिघांनीही डीबीचं, म्हणजे एमसीबीचे खटके असलेल्या पेटीचं, झाकण उघडून बघितलेलं नसतं.

बहुतेक वेळा दोन प्रश्नांत निकाल लागतो. नेमका कोणता खटका पडला, म्हणजे आपोआप बंद झाला, आणि केव्हा पडला? एवढं तुम्हाला सांगता आलं तर वायरमनचं निम्मं काम झालेलं असतं आणि तो तुम्हाला गुंडाळूही शकत नाही. खटका बघणं, पिना उपसणं, खटका वर करणं, वॅटची बेरीज करणं ही कामं तुमची. स्क्रू काढून आत हात घालायचं काम परवानाधारक वायरमनचं. ही हद्द ओलांडू नका.

आधी डीबीची ओळख करून घ्या

सगळं सुरळीत चालू असताना, दिवसाउजेडी, डीबीचं दार उघडा. फक्त दार. स्क्रूनं बसवलेली पाटी जागेवरच राहू द्या.

आत एका ओळीत बोटभर रुंदीचे खटके दिसतील, ते एमसीबी. प्रत्येकावर इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो: बी ६, सी १०, सी १६ असा. आकडा म्हणजे अँपियर. त्यांच्याच ओळीत दुप्पट रुंदीचा एक खटका आणि त्यावर ‘टी’ लिहिलेलं बारकं बटण दिसलं तर तो आरसीसीबी. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. त्यावर ३० एमए किंवा ०.०३ ए असं छापलेलं असतं. बरेच जण या दोघांना एकच समजतात आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो, कारण दोघांच्या पडण्याची कारणं एकमेकांपासून पार वेगळी आहेत.

एमसीबी वायरचा राखणदार. त्याच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी जास्त करंट गेला की तापत तापत वाकते आणि सावकाश खटका पाडते. दुसरी एक कॉईल, जी शॉर्ट झालं की क्षणात खटका ओढते. आरसीसीबीला लोडशी काही देणंघेणं नाही. फेजच्या वायरीतून गेलेला करंट न्यूट्रलच्या वायरीतून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. तीस मिलिअँपियरच्या आसपास फरक पडला, म्हणजे करंट अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून दुसरीकडं चालला, की तो पडतो. घरातल्या माणसांचा जीव वाचवणारा खटका हा. तो त्रास देतो म्हणून काढून टाकायला सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

आता एक एमसीबी खाली करा, कोणकोणते सॉकेट बंद झाले ते बघा आणि खटक्याखाली कागदाची पट्टी चिकटवा: ‘ओटा’, ‘फ्रिज’, ‘गीझर’. सगळ्यांचं असंच करा. अर्धा तास जाईल. भाड्याच्या घरात अशी पट्टी मला क्वचितच लावलेली दिसली आहे. ‘सगळी लाईनच एकावर आहे’ हा शोधही बहुतेकांना याच वेळी लागतो.

पडल्यावर काय करायचं

१. हात कोरडे करा, पायात चप्पल घाला. जळका वास किंवा धूर असेल तर काहीही वर करायचं नाही. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. प्लॅस्टिक तापल्याचा वास कधी कधी सडक्या मासळीसारखा येतो. घरात मासळी आणलेली नसताना तसा वास आला तर सॉकेट हुंगत फिरा.

२. जिन्यातला आणि शेजारचा दिवा बघा. त्यांचीही गेली असेल तर प्रश्न तुमच्या घरातला नाही, महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. शेजारी उजेड, डीबीतले सगळे खटके वर, आणि तरीही तुमच्याकडं अंधार असेल तर खाली मीटरपाशी तुमच्या लाईनचा वेगळा एमसीबी किंवा कटआउट (फ्यूज) असतो, तो गेला असेल. मीटरच्या सीलला आणि खांबावरून आलेल्या वायरला हात लावायचा नाही, कुणी कितीही ओळखीचा म्हणाला तरी.

३. पडलेल्या लाईनवरच्या सगळ्या पिना उपसा. आरसीसीबी पडला असेल तर घरातल्या सगळ्या, अगदी मोबाईलचा चार्जरसुद्धा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि नवखे लोक फसतात ते इथंच. सॉकेटचं बटण आणि साधा एमसीबी फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. उपकरणाच्या आत न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. ‘सगळं बंद केलं होतं तरी पडला, म्हणजे आरसीसीबीच खराब’ असा निष्कर्ष काढून चांगला आरसीसीबी बदलला जातो, आणि नवाही तसाच पडतो.

४. पडलेला खटका कधी कधी मधेच अडकल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. सगळ्या पिना काढलेल्या असूनही तो टिकत नसेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये, स्विचबोर्डात किंवा खुद्द खटक्यात आहे. इथं तुमचं काम संपलं.

५. टिकला, तर एकेक पीन लावा, बटण चालू करा, दोन मिनिटं थांबा. सगळ्यांत शेवटी ज्याच्यावर संशय आहे ते उपकरण लावा. जे लावताच खटका पडेल ते उपकरण सापडलं.

६. सापडलेलं उपकरण दुसऱ्या खोलीतल्या सोळा अँपियरच्या सॉकेटवर लावून बघा. तिथंही पाडलं तर उपकरण दुरुस्तीला न्या. तिथं बिनबोभाट चाललं तर ओट्याची लाईन तपासायची. अपवाद एकच: ज्या उपकरणानं लावताक्षणी एमसीबी धाडकन पाडला आणि पिनेपाशी ठिणगी दिसली, त्याला दुसरीकडं लावून बघायची हौस करू नका.

केव्हा पडतो, त्यावरून काय समजायचं

बटण दाबताच एमसीबी पडला तर बहुतेक वेळा शॉर्ट. उपकरणाची वायर मुडपून, उंदरानं कुरतडून किंवा शेगडीला चिकटून फेज आणि न्यूट्रल टेकलेले असतात. खटका एकदा वर करून बघायला हरकत नाही. पुन्हा लगेच पडला की थांबा. चार-पाच वेळा वर-खाली करणाऱ्यांच्या एमसीबीचे आतले संपर्क जळतात, आणि मग तो विनाकारण पडायला लागतो किंवा गरज असताना पडत नाही.

पाच, दहा, चाळीस मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड. इथं कागद-पेन घ्या. आपल्याकडं घरात २३० व्होल्ट येतात. वॅटला २३० नं भागलं की अँपियर. सोळाच्या एमसीबीवर ३६८० वॅट चालतात, सहाच्या एमसीबीवर १३८०. आता ओट्यावरची बेरीज करा: इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह आत ओढतो साधारण १२००, किटली १५००. झाले ४७०० वॅट, म्हणजे वीस अँपियरच्या थोडं वर. सोळाचा एमसीबी हे बराच वेळ सहन करेल, कारण भारतीय मानकाप्रमाणं छापील आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत त्यानं तासभर पडायचं नसतं आणि १.४५ पटीला तासाभरात पडलंच पाहिजे. या दोन्हींच्या मधे त्याची मर्जी, शिवाय त्याच्याभोवतीची गरमी. चालू असलेल्या एवढ्या लोडवर कुणी ७५० वॅटचा मिक्सर लावला की कागदावर पावणेचोवीस अँपियर होतात, म्हणजे १.४५ पटीच्या पुढं. मिक्सर पाच मिनिटांत आटपला तर निभावतंही. वाटण लांबलं की खटका पडतो आणि बोल मात्र मिक्सरला लागतो, कारण तो शेवटी आला. उपाय फुकटात आहे: किटली आणि इंडक्शन एका वेळी लावू नका, किंवा दोन वेगळ्या एमसीबींवर लावा. तुमच्या कागदी पट्ट्या इथं कामाला येतात.

बेरीज कमी भरते आणि तरीही थोड्या वेळानं पडतो? मग सॉकेट, थ्री पिन टॉप (उपकरणाच्या वायरीच्या टोकाची पीन) आणि डीबी या तिन्हींपाशी वायरीचा स्क्रू ढिला असायची शक्यता धरा. ढिल्या जोडापाशी उष्णता होते आणि ती उष्णता एमसीबीच्या पट्टीला लोडच वाटते. वापर झाल्यावर लगेच पीन काढून पिनेच्या पितळी काड्यांजवळचं प्लॅस्टिक हातानं चाचपा. कोमट ठीक. चटका बसला किंवा पीन काळपट पडली असेल तर टॉप आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुना नव्याला जाळतो.

आरसीसीबी पडला तर करंट कुठंतरी झिरपतोय. तो उपकरणात असेल, भिंतीत असेल, किंवा थोडा थोडा सगळीकडून मिळून. मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, संगणक यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थिंगला जातच असतो, ते दोषाचं लक्षण नाही. पण तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी पंधरा मिलिअँपियरच्या पुढं केव्हाही पडू शकतो. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असला की चार-सहा उपकरणांची किरकोळ गळती आधीच दहा-बारावर पोचलेली असते आणि किंचित दमट टोस्टर लावला की पडतो. असं होत असेल तर ओट्याच्या लाईनला वेगळा आरसीबीओ बसवून घ्यावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही कामं एकाच खटक्यात होतात, आणि मिक्सर बिघडला म्हणून बैठकीतला टीव्ही बंद पडत नाही.

मिक्सर

कोल्हापुरात घरातलं सगळ्यांत जास्त राबणारं यंत्र हेच, म्हणून जरा थांबून बघू.

पांढऱ्या रश्श्यासाठी ओलं खोबरं, तीळ, काजू पाणी घालून बारीक वाटताना भांडं गळ्यापर्यंत भरलं जातं. भांड्याच्या तळाशी पात्याचा दांडा जिथून खाली उतरतो तिथं बुश आणि रबरी सील असतं. ते झिजलं की दूधपाणी थेंबाथेंबानं खालच्या दातेरी कपलरवर येतं, तिथून मोटारीच्या दांड्यावरून आत. भांडं उचलून कपलरभोवतीचा खळगा टॉर्चच्या उजेडात बघा. पांढरट, चिकट, कडेला वाळून तडकलेला थर दिसला तर चोर तिथंच आहे. अशा मोटारीतून करंट बॉडीकडं झिरपतो आणि आरसीसीबी पडतो, तोही ओलं वाटण करतानाच. कोरडं कूट करताना सगळं ठीक चालतं, म्हणून संशय मिक्सरवर जात नाही.

सील तपासायची सोपी रीत: भांड्यात पाऊण पाणी घाला आणि कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर ओलं कडं उमटलेलं असेल तर बुश-सील बदलून आणा, स्वस्तातलं काम आहे. मिक्सरची पीन काढून तो एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवला तर आतली ओल जाते, पण आत साखळलेलं खोबऱ्याचं दूध उन्हानं जात नाही. ते रिवायंडिंगवाल्याकडून उघडून साफ करून घ्यावं लागतं. घेताना त्यानं मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून दाखवला पाहिजे. ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्या मधे निदान एक मेगाओहम यायला हवा. चांगल्या मोटारीत तो त्याच्या कितीतरी पट येतो.

दुसरी तक्रार उन्हाळ्यातली. चटणीच्या दिवसांत कांडपाची गर्दी नको म्हणून सुकं खोबरं, तीळ, धणे आणि मिरची घरीच फिरवायला घेतात आणि मिक्सर मधेच बंद पडतो. घरातली लाईट मात्र चालू असते, डीबीत काही पडलेलं नसतं. मिक्सर उलटा करा, बुडाला लाल बटण असतं. तो मिक्सरचा स्वतःचा ओव्हरलोड खटका. पीन काढा, मिक्सर निवू द्या, बटण आत दाबा, भांड्यातलं निम्मं काढा आणि मग चालवा. पाच मिनिटं फिरवून दोन-तीन मिनिटं विसावा दिला तर मोटार टिकते. लाल बटण माहीत नसल्यामुळं चांगला मिक्सर दुरुस्तीला नेणारे पुष्कळ आहेत.

बाकीची मंडळी

ओटीजी, टोस्टर, राईस कुकर. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) पावसाळाभर माळ्यावर पडून असतो आणि दिवाळीत नानकटाईसाठी काढला की लावताच आरसीसीबी पडतो. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड भरलेली असते. ती हवेतली ओल शोषून घेते आणि ओली पूड करंट झिरपू देते. उन्हात दोन दिवस, दार उघडं ठेवून वाळवा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. तरीही पडला तर एलिमेंट फुटलाय. या ठिकाणी एक ‘घरगुती इलाज’ सर्रास सांगितला जातो: टॉपची वरची जाड पीन काढून टाका, मग पडत नाही. खरंच पडत नाही. कारण अर्थिंग तुटलेलं असतं, ओटीजीच्या पत्र्यात करंट उतरलेला असतो आणि आता तो जमिनीत जायला तुमचा हात शोधतो.

ओट्याखालचा तीन लिटरचा गीझर एकटाच ३००० वॅट, म्हणजे तेरा अँपियर. त्याच्या लाईनवर दुसरं काही नको. बोअरच्या पाण्यानं एलिमेंटवर क्षार चढतात, एलिमेंट तडकतो, आणि पाणी तापायला लागल्यावर आरसीसीबी पडतो. गीझरचं पाणी हाताला झिणझिण्या आणत असेल तर त्याच क्षणी तो बंद करा. दुरुस्त होईपर्यंत पातेल्यात पाणी तापवा.

फ्रिज. लाईट येताच फ्रिज लगेच चालू केला तर कॉम्प्रेसरवर आतल्या गॅसचा दाब असतो, तो फिरू शकत नाही आणि भरमसाट करंट ओढतो. पाच मिनिटं थांबून लावा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची आणखी एक खोड आहे. बर्फ वितळवायला त्यात हीटर असतो आणि तो काही तासांनी आपोआप चालू होतो. त्याचा एलिमेंट बिघडला की मध्यरात्री, घरात कुणी कशाला हात लावलेला नसताना, आरसीसीबी पडतो. सकाळी दुधाची पिशवी कोमट. ‘आपोआप पडतोय’ म्हटलं की मी आधी फ्रिजची पीन काढायला सांगतो. एक रात्र फ्रिज बंद ठेवला आणि पडला नाही, तर उत्तर मिळालं.

घरघंटी. एक हॉर्सपॉवरची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. बी अक्षराचा एमसीबी छापील आकड्याच्या तीन ते पाच पटीला क्षणात पडतो, सी अक्षराचा पाच ते दहा पटीला. म्हणून घरघंटीच्या लाईनला सी हवा. आधीचे दाणे आत अडकलेले असताना चालू करू नका.

इंडक्शन आणि एअर फ्रायर: सोळा अँपियरचा भिंतीतला सॉकेट, थेट. एक्स्टेंशन बोर्ड नाही, मोठ्या पिनेचा छोट्या सॉकेटसाठी मिळणारा कन्व्हर्टर तर अजिबात नाही.

पावसाळा आणि पूर

जूनपासून चार महिने कोल्हापूरची हवाच ओली. नैऋत्येकडच्या भिंतीवर पावसाचा मारा होतो, प्लास्टरला केसासारखी चीर असली तरी पाणी आत जातं आणि त्याच भिंतीत ओट्याचा स्विचबोर्ड असतो. फक्त झडीच्या दिवसांत आरसीसीबी पडत असेल आणि दोन दिवस ऊन पडलं की थांबत असेल, तर उपकरणांच्या मागं लागू नका. बोर्डाभोवतीचा रंग फुगलाय का ते बघा. आधी गवंडी, मग वायरमन, हा क्रम. नाहीतर पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

पुराचं वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला, दुधाळीत शिरलं, कित्येक घरांचे स्विचबोर्ड बुडाले. अशा भागात तळमजला भाड्यानं घेताय तर घरमालकांना सरळ विचारा: पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि त्यानंतर वायरिंग बदललं की नुसतं वाळवलं? पाण्यात बसलेल्या स्विच-सॉकेटच्या आत गाळ राहतो आणि तो दर पावसाळ्यात ओल धरतो. पाणी घरात चढायला लागलं तर ते सॉकेटपर्यंत पोचायच्या आत मेन बंद करा. आणि पाणी ओसरल्यावर मेगर लागल्याशिवाय लाईन चालू करू नका. बुडालेला फ्रिज, मिक्सर कोरडा दिसला म्हणून लावून बघायचा नाही.

वायरमनशी बोलताना

पेठेत राहत असाल तर गल्लीतल्या तालमीत विचारा, खात्रीचा माणूस तिथून मिळतो. उपनगरात घरमालकांचा ठरलेला असतो. माणूस चांगला असला तरी हे वाक्य कानावर पडायची शक्यता असतेच: “वहिनी, ह्यो सोळाचा काढतो आन् बत्तीसचा घालतो. परत पडायचं नाव काढायचा न्हाई.”

त्यावर विचारायचं, “मामा, वायर कितीची हाय आत?”

पाइपातून गेलेली अडीच एमएमची तांब्याची वायर वीस अँपियरच्या आसपास झेपवते. बत्तीसचा एमसीबी छत्तीस अँपियर तासभर मुकाट्यानं जाऊ देतो. म्हणजे खटका पडायच्या आधी भिंतीतल्या वायरीचं इन्सुलेशन वितळणार. एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरतो, तुमच्या इंडक्शनवरून नाही. मोठा एमसीबी हवा असेल तर आधी वायर मोठी ओढायची. ओट्यावर जड उपकरणं कायमची वापरणार असाल तर डीबीपासून चार एमएमची वेगळी लाईन, त्याला वेगळा वीसचा एमसीबी, शेवटी सोळाचा सॉकेट, असं सांगा. चालू घरात भिंत फोडायची नसेल तर केसिंग पट्टीतून ओढतात. दिसायला जरा ओबडधोबड, पण काम चोख.

तक्रार सांगताना ‘लाईट जाते’ एवढ्यावर थांबू नका. ‘ओट्याचा सी १६ पडतो, इंडक्शन आणि किटली मिळून वीस मिनिटांनी,’ किंवा ‘आरसीसीबी पडतो, पावसातच, सगळ्या पिना काढल्या तरी’ असं सांगा. मग तो क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजायचं) आणि मेगर घेऊन येईल, नाहीतर नुसता टेस्टर खिशात घालून येतो. टेस्टरचा दिवा लागला याचा अर्थ फेज आहे एवढाच. न्यूट्रल तुटलाय की अर्थिंग गेलंय, ते त्याला कळत नाही.

नवा इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडायला लागला असेल तर तसं स्पष्ट सांगा. इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल दुसऱ्याच लाईनच्या न्यूट्रलला जोडला गेला की आरसीसीबीचा हिशोब चुकतो आणि तो पडतो. यात एकही उपकरण खराब नसतं.

जुनं घर, भाड्याचं घर

शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत काही जुन्या घरांत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. त्यात कुणीतरी फ्यूजच्या तारेऐवजी वायरीतले तांब्याचे चार-पाच पदर पिळून घातलेले सापडतात. असा फ्यूज कधी जात नाही, म्हणून घरच्यांना त्याचं कौतुक. तिथं इंडक्शन लावायच्या आधी निदान एक छोटा डीबी आणि आरसीसीबी बसवून घ्या, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का ते तपासून घ्या.

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो एक-दीड असेल आणि तुमच्याकडं गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह तिन्ही असतील तर भार वाढवून घ्यायचा अर्ज मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी करायचा असतो. हे भाडेकरार करायच्या आधी बोलून घ्या, नंतर चालढकल होते.

घर बघायला जाल तेव्हा मालकांच्या देखत डीबीचं दार उघडा आणि आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पुढं दर दोन-तीन महिन्यांनी हेच करत राहायचं, कारण वर्षानुवर्षं न हललेला खटका आतून जाम होतो. या बटणानं अर्थिंगची परीक्षा होत नाही, ती वायरमनकडून वेगळी करून घ्यावी लागते. बटण दाबूनही खटका हलला नाही तर तो आरसीसीबी निकामी आहे. सामान हलवायच्या आधी मालकांकडून तो बदलून घ्या.